वाचकांचे प्रश्न : ट्रेंट रेझ्नर यांचा काळोख पडद्यावर कसा आला?

प्रश्न : ट्रेंट रेझ्नर यांच्या ‘नाइन इंच नेल्स’ या अमेरिकी रॉक बँडची गाणी मी पूर्वी ऐकली होती, त्यांतला आक्रोश, करकरणारी गिटार आणि यंत्रासारखे ठोके मला सोसले नव्हते. त्याच रेझ्नर यांना चित्रपटसंगीतासाठी दोनदा ऑस्कर मिळाल्याचे अलीकडे कळले. त्यांनी आपली मूळ शैली सोडून दिली, असे समजायचे का?

उत्तर : तसे समजू नये. रेझ्नर यांचा आक्रोश आपल्याला आधी ऐकू येतो, कारण तो मोठा आहे. पण त्याच्या आत पहिल्यापासून एक अतिशय शांत, एकाकी संगीत दडलेले आहे आणि चित्रपटांनी तेच वर आणले.

१९६५ साली पेनसिल्व्हेनियात जन्मलेले रेझ्नर लहानपणी पियानो शिकले. पुढे क्लीव्हलँडमधील एका स्टुडिओत साफसफाईपासून पडेल ती कामे करत असताना, स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा तो वापरण्याची परवानगी त्यांना मिळाली. १९८९ च्या ‘प्रिटी हेट मशीन’ या पहिल्या अल्बमची बहुतेक वाद्ये त्यांनी एकट्यानेच हाताळली. एकट्याने बसून आवाज घडवण्याची ही सवय त्यांच्या साऱ्या कारकिर्दीच्या मुळाशी आहे, असे मला वाटते. १९९४ च्या ‘द डाउनवर्ड स्पायरल’मध्ये विध्वंस पुष्कळ आहे, परंतु त्याचा शेवट ‘हर्ट’ या जवळजवळ कुजबुजलेल्या गाण्याने होतो. अमेरिकी कंट्री गायक जॉनी कॅश यांनी २००२ मध्ये ते वृद्ध, थकल्या आवाजात गायले, तेव्हा त्यातले दुःख अनेकांना प्रथमच ऐकू आले.

चित्रासाठी ध्वनी रचण्याचा सराव त्यांना १९९६ च्या ‘क्वेक’ या व्हिडिओ गेमने दिला. तिथे गुणगुणावी अशी चाल जवळजवळ नाही. अंधाऱ्या बोळांतून घुमणारे नाद आहेत. (खेळातल्या खिळ्यांच्या बंदुकीच्या दारूगोळ्याच्या पेट्यांवर त्यांच्या बँडचे बोधचिन्ह होते, हे चाहत्यांच्या अजून लक्षात आहे.) २००८ मध्ये ‘घोस्ट्स’ या नावाने त्यांनी ३६ शब्दविरहित रचना प्रसिद्ध केल्या. इंग्लंडमध्ये जन्मलेले अ‍ॅटिकस रॉस तोवर त्यांचे सहकारी झालेले होते.

दिग्दर्शक डेव्हिड फिंचर यांनी ‘द सोशल नेटवर्क’साठी विचारले, तेव्हा रेझ्नर यांनी आधी नकार दिला होता. अखेर रॉस यांच्यासह त्यांनी ते काम स्वीकारले आणि ‘घोस्ट्स’मधल्या काही रचनाच नव्या रूपात २०१० च्या त्या चित्रपटात आल्या. तुमच्या प्रश्नाचे याहून थेट उत्तर दुसरे नसेल. चित्रपटाच्या आरंभी प्रेयसीने झिडकारलेला नायक रात्री विद्यापीठाच्या आवारातून एकटाच परततो, तेव्हा पियानोचे मोजके सूर वाजतात आणि त्यांच्याखाली एक अस्वस्थ, थरथरणारा नाद चालू राहतो. ही चाल पुढे पुन्हा येते. मात्र प्रत्येक वेळी ध्वनिमुद्रण करताना मायक्रोफोन पियानोपासून अधिक लांब ठेवलेला होता, त्यामुळे नायक जसा माणसांपासून तुटत जातो, तसा पियानोही आपल्यापासून दूर जातो. भावना सांगण्यासाठी नवी चाल न बांधता केवळ अंतर बदलणे हे स्टुडिओत वाढलेल्या माणसालाच सुचावे, आणि मला ते फार मोठे काम वाटते. या संगीतासाठी २०११ मध्ये दोघांना ऑस्कर मिळाले. दुसरे ऑस्कर २०२१ मध्ये ‘सोल’ या अ‍ॅनिमेशनपटासाठी, जाझ वादक जॉन बतिस्त यांच्यासह मिळाले. त्यात न्यूयॉर्कमधल्या जगण्याला बतिस्त यांचे जाझ आहे आणि देहापलीकडच्या जगाला रेझ्नर व रॉस यांचे इलेक्ट्रॉनिक सूर.

प्रश्न : मग मी सुरुवात कुठून करावी?

उत्तर : ‘हर्ट’ची मूळ ध्वनिमुद्रिका आणि ‘द सोशल नेटवर्क’मधली ‘हँड कव्हर्स ब्रूज’ ही पियानोची रचना लागोपाठ, शक्यतो हेडफोन लावून ऐका. दोन्हींत १६ वर्षांचे अंतर आहे; स्वरांखाली जे खरखरत, थरथरत राहते, त्याकडे कान द्या.