बुटाच्या खोक्यातली बेसबॉल कार्डं: मँटल खरा आहे का, आधी पट्टी लावून बघा

ताई, शेजारचे आजोबा घर विकून फ्लोरिडाला गेले, जाताना तुमच्या मुलाला बेसबॉल कार्डांचा खोका दिला, त्यात नामवंत बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२चं कार्ड दिसतंय आणि दुकानदार सगळ्याचे मिळून २०० डॉलर म्हणतोय, देऊ का असं विचारलंय तुम्ही. आज तरी अजिबात देऊ नका. आणि गठ्ठ्यांना रबरबँड असतील तर आधी ते काढा, पण हळू, जुना रबर कडेला चिकटून बसतो आणि ओढला की कागदाचं सालच निघतं.

आता मँटल. घरातली साधी पट्टी घ्या. टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीचं १९५२चं खरं कार्ड पावणेचार इंच उंच असतं. १९८३मध्ये टॉप्सनेच त्या सेटचं रिप्रिंट काढलं, ते आजच्या मापाचं म्हणजे साडेतीन इंच आणि मागे रिप्रिंट असं छापलेलंही असतं. बऱ्याच जणांचा शोध इथेच संपतो. पण माप जुळलं म्हणून लगेच खरं धरू नका, नकली कार्डं त्या मापातही मिळतात, तेव्हा दहापटीचं भिंग घेऊन नावाची काळी अक्षरं बघा. खऱ्या कार्डात शाई सलग भरलेली असते, कॉपीत तीच अक्षरं बारीक ठिपक्यांची बनलेली दिसतात, एकदा पाहिलं की डोळा बसतो.

हे कार्ड नंबर ३११, त्या वर्षीच्या शेवटच्या सीरिजमधलं. ती सीरिज बाजारात आली तोवर सीझन संपत आलेला, माल पडून राहिला, आणि टॉप्सचे साय बर्गर सांगायचे की १९६०मध्ये उरलेली खोकी बोटीतून नेऊन अटलांटिकमध्ये टाकली. २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं ते हेच कार्ड, पण त्याची ग्रेड, म्हणजे कार्डाच्या अवस्थेला दिलेला दर्जा, दहापैकी ९.५ होती! कोपरे गोल झालेलं, घडी पडलेलं कार्ड त्याच्या आसपासही जात नाही, तरी खरं असेल तर २०० डॉलरमध्ये द्यायची वस्तू नक्कीच नाही.

बाकीची कार्डं वर्षाप्रमाणे लावा. जुन्या कार्डाच्या मागे शेवटच्या सीझनचे आकडे ज्या वर्षाचे, कार्ड साधारण त्याच्या पुढच्या वर्षाचं. १९८७ ते ९२मधला ढीग निघाला तर वाईट वाटेल पण सांगतो, तेव्हा इतकं छापलं गेलं की बहुतेकांना भाव नाही, मुलाला खेळू द्या. १९५४चा हँक एरन, १९५५चे आडवे क्लेमेंटी आणि कोफॅक्स ही रुकी कार्डं, म्हणजे त्या खेळाडूंची पहिलीवहिली कार्डं, दिसली की मात्र लगेच बाजूला काढा. चेकलिस्टही, म्हणजे सेटमधल्या कार्डांची यादी असलेलं कार्डही, फेकू नका, पोरं त्यावर पेनने खुणा करायची म्हणून कोरी चेकलिस्ट चांगली जाते.

एक अगदी कळकळीने सांगतो, काहीही पुसू नका, दाबू नका, कडा सरळ करू नका. मी सुरुवातीला १९५६च्या एका कार्डावरचा पेन्सिलचा आकडा खोडरबराने काढला, आकडा गेला आणि त्या जागची चमकही गेली, उजेडात तिरपं धरलं की नखाएवढा मॅट डाग दिसतो, आजही जीव हळहळतो. कात्री लावणं तर त्याहून वाईट. होनस वॅगनर या जुन्या खेळाडूच्या सगळ्यात प्रसिद्ध कार्डाच्या कडा कापल्याचं लिलाव करणाऱ्या बिल मॅस्ट्रोने २०१३मध्ये कबूल केलंच की.

भाव बघताना ईबेवर सोल्ड आयटम्स फिल्टर लावा, लोक मागतात ती किंमत धरू नका. साध्या कार्डांवर ग्रेडिंगची फी घालवू नका, मँटल मापात आणि भिंगात पास झाला तरच पीएसए किंवा एसजीसी या ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्यांकडे इन्शुरन्स काढून पाठवा, तोवर पेनी स्लीव्हमध्ये, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पाकिटात, घालून ठेवा, जुनी कार्डं मोठी असतात म्हणून त्या मापाची स्लीव्ह मागा. आणि खरा निघाला तर विकायच्या आधी आजोबांना एक फोन करा, खोका देताना आत काय आहे हे त्यांनी पाहिलं होतं की नाही कोण जाणे.