नारळाच्या झोक्याला किती चित्रे लागतात

फोंडा, गोवा
आषाढ

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची सहा पानांची संहिता मिळाली. संहिता दोनदा वाचली. आजोबांना यंदा रानात जाववत नाही, म्हणून माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीचे, सामान आणायला नात एकटीच निघते आणि तिला सापडलेल्या कवंडळ या रानफळाच्या वेलावर एकच फळ शिल्लक असते, ही कल्पना मला मनापासून आवडली. मात्र येत्या चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, पाच मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट पुरा करून घरच्यांना दाखवायचा, असे तू लिहिले आहेस, ते होणार नाही. तू पुढच्या वर्षीची चवथ धर. का, ते आकड्यांत सांगतो.

चित्रपटाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. पाच मिनिटांचे ३०० सेकंद, म्हणजे ७,२०० फ्रेम झाल्या. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, त्यामुळे सतत हलणाऱ्या एका पात्राची ३,६०० चित्रे होतात. दिवसाला २० चित्रे पुरी केलीस तरी त्याला १८० दिवस लागतील, आणि त्यात पार्श्वभूमी, रंग, ध्वनी यांतले काहीच धरलेले नाही. पात्रे जिथे स्थिर बसतात तिथे चित्रे वाचतात हे खरे, पण तुझ्या गोष्टीत आजोबाही आहेत, नातही आहे आणि पाऊसही आहे. हा हिशेब तुला घाबरवण्यासाठी मांडलेला नाही. एवढे श्रम ज्या कामात आहेत, त्यात कोणती चूक कोणत्या टप्प्यावर सापडते याला फार महत्त्व असते, आणि या पत्रात मला मुख्यतः त्याविषयीच लिहायचे आहे.

संहितेपासून सुरुवात करू. आजोबा पहिल्याच पानावर माटोळीचे महत्त्व सांगणारे मोठे भाषण करतात. ते काढून टाक. गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट, तिच्यावरून लोंबणारे नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगे, आंबाडे आणि कांगण्यांची हलकी रानफळे दिसली की बघणाऱ्याला जे कळायचे ते कळते. आजोबांना चालवत नाही, हेही त्यांच्या तोंडून नको. ते कोयता कमरेच्या आकडीला अडकवतात, उंबऱ्यापर्यंत येतात, थांबतात आणि कोयता काढून नातीच्या हातात देतात, एवढे पुरे आहे. संहितेतले प्रत्येक वाक्य वाचताना ‘हे मला चित्रात दिसते का?’ असे स्वतःला विचार, आणि दिसत नसेल तर ते बदल. शेवट मात्र तू मोघम ठेवला आहेस. नात ते एकुलते फळ तोडते की पुढच्या वर्षीच्या बियांसाठी वेलावरच राहू देते? हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, कारण पहिल्या दृश्यात माटोळीची चौकट कोणत्या कोनातून दाखवायची हेही त्या निर्णयावर अवलंबून आहे.

मग स्टोरीबोर्ड येतो. वहीच्या एका पानावर सहा चौकोन आखून प्रत्येक दृश्याचे काडीच्या माणसांचे का होईना, पण चित्र काढ. इथे सुबक रेखाटन करण्याचा मोह आवर. सुंदर काढलेले चित्र फाडून टाकताना हात थांबतो, आणि या टप्प्यावर तर निम्मी चित्रे फाडावी लागतात.

ही चित्रे ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या वेळेसाठी पडद्यावर मांडून, त्यांच्याखाली कच्चे संवाद आणि आवाज टाकले की जे तयार होते त्याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. संपूर्ण निर्मितीत माझा सर्वांत जास्त भर याच टप्प्यावर आहे, आणि त्यामागे मी भोगलेले कारण आहे. माझ्या उमेदीच्या काळात मी अ‍ॅनिमॅटिक न करताच थेट चित्रे काढायला बसलो. फेरीबोट धक्क्याला लागते आणि एक म्हातारी टोपली सावरत उतरते, असे ३८ सेकंदांचे दृश्य होते. एकट्या त्या म्हातारीची ४५६ चित्रे मी काढली. त्यात एक पावसाळा गेला. पुढे सगळी दृश्ये जोडून पाहिली, तेव्हा ध्यानात आले की त्या दृश्यापाशी गोष्ट थांबते आणि पुन्हा उठत नाही. दृश्य पूर्ण काढून टाकावे लागले. त्याच दृश्याची सात-आठ कच्ची चित्रे ३८ सेकंदांवर पसरून पाहिली असती, तर हा दोष एका दुपारी कळला असता. त्या चित्रांचा गठ्ठा अजूनही माझ्या कपाटात आहे.

अ‍ॅनिमॅटिक तयार झाला की गोष्ट मुळीच माहीत नसलेल्या दोन-तीन माणसांना तो दाखव. दाखवताना तू एक शब्दही बोलू नकोस. पडद्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहा. ती कुठे चुळबुळतात, कुठे पुढे झुकतात, ते सेकंदासह टिपून ठेव. संपल्यावर ‘आवडले का?’ असे न विचारता त्यांना गोष्ट सांगायला लाव. त्यांनी सांगितलेल्या गोष्टीत वेलावरचे एकटे फळ आले नाही, तर ते तुझ्या चित्रपटातही आलेले नाही असे समज आणि पुन्हा वहीकडे वळ. चार-पाच वेळा असे करावे लागले तरी कर.

पात्रांची रचना अ‍ॅनिमॅटिक सुरू असतानाच करता येते. आजोबांचे आणि नातीचे समोरून, तिरके, बाजूने आणि मागून असे नमुनाचित्र काढ आणि दोघांची उंची एकाच रेषेवर मोजून दाखव. नाहीतर तिसऱ्या महिन्यात नात आजोबांच्या खांद्याला लागलेली दिसेल. तू आजोबांना चौकड्यांचा सदरा घातला आहेस. तो बदल. त्या सदऱ्याची प्रत्येक रेघ प्रत्येक चित्रात पुन्हा काढावी लागेल, आणि हाताने काढलेल्या रेघा एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना मुंग्यांसारख्या वळवळतात. साधा पंचा आणि उघडे अंग यात म्हातारपण अधिक चांगले दिसेल.

पार्श्वभूमीसाठी कावी कलेचा आधार घेण्याचा तुझा विचार उत्तम आहे, पण त्या कलेची प्रकृती समजून घे. कावीत तांबड्या मातीचा थर पांढऱ्या चुन्यावर देतात आणि तो ओला असताना कोरून खालचा पांढरा रंग उघडा करतात. तिथली पांढरी रेषा खरवडून निघालेली असते. तू कुंचल्याने पांढरी रेषा वरून ओढलीस तर रंग तेच राहतील आणि कावी मात्र हरवेल. जुन्या देवळाच्या भिंतीजवळ जाऊन ती कोरीव कड नीट पाहून ये.

आता प्रत्यक्ष चलनाकडे येतो. आधी मुख्य चित्रे काढायची, म्हणजे हालचाल जिथे सुरू होते, वळते आणि संपते ती. मग त्यांच्यामधली चित्रे भरायची. कच्च्या पेन्सिलीतच हालचाल चालवून पाहायची आणि ती पटल्यावरच स्वच्छ रेषा ओढायची. हे तुला ठाऊक आहे, म्हणून त्याऐवजी तुझ्याच चित्रपटातले एक उदाहरण घेतो. आजोबा माटोळीला नारळ बांधून हात सोडतात आणि नारळ झुलतो. त्या झोक्याला किती चित्रे लागतील?

दोरी टांगल्या जागेपासून नारळाच्या मध्यापर्यंत एक मीटर असेल, तर जाऊन-येऊन एका झोक्याला सुमारे दोन सेकंद लागतात. दोरी पाव मीटर असेल, तर सुमारे एक सेकंद. वजनाने त्यात फरक पडत नाही. नारळ आणि कांगणी सारख्याच लांबीच्या दोरीला सारख्याच वेळात झुलतात. एक मीटरच्या दोरीचा झोका म्हणजे ४८ फ्रेम, दोन-दोन फ्रेम धरून २४ चित्रे. जाताना काढलेली चित्रे परतताना उलट क्रमाने वापरता येतात, म्हणून १३ चित्रांत काम भागते. ही १३ चित्रे सारख्या अंतरावर काढू नकोस. झोक्याच्या दोन्ही टोकांना नारळ मंदावतो, तिथे चित्रे एकमेकांना चिकटून हवीत; मध्ये तो वेगात असतो, तिथे ती लांब लांब हवीत. सारख्या अंतराने काढलेला नारळ घड्याळाच्या काट्यासारखा यांत्रिक फिरतो. नारळाला आंब्याची पाने बांधलेली असतील, तर उलट क्रमाची युक्ती चालणार नाही, कारण पाने नेहमी नारळाच्या मागे रेंगाळतात आणि जाताना ज्या बाजूला असतात त्याच्या विरुद्ध बाजूला परतताना असतात.

मग नारळ जड आहे हे कसे कळणार? उचलणाऱ्याच्या अंगावरून. आजोबा नारळ उचलण्याआधी क्षणभर गुडघ्यात वाकतात, एक खांदा खाली जातो, नारळ वर येताना कोपर अंगाला चिकटते. बांधून झाल्यावर हात सुटला की माटोळीची चौकट किंचित खाली बसते आणि आधीच टांगलेल्या कांगण्या थरथरतात. कांगणी बांधताना यातले काहीही होत नाही. हे पुस्तकात वाचून येत नाही, म्हणून यंदाच्या चवथीला तू चित्रे काढण्याच्या घाईत असू नकोस. माटोळी बांधणाऱ्या हातांसमोर वही घेऊन बस, गाठ मारताना अंगठा कुठे असतो ते पाहा, मोबाइलवर चित्रण कर आणि नंतर ते एकेक फ्रेम पुढे सरकवून तपास.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपण्यासाठी महिनाभराहून अधिक काळ एकेक फ्रेम चित्रित केली होती. रोपाला घाई करता येत नव्हती, आणि त्यांनीही केली नाही. त्यांच्या चित्रपटांची सुरुवात अशा कामाने झाली, याचे मला फार अप्रूप वाटते.

ध्वनीविषयी तू पत्रात एकच ओळ लिहिली आहेस, तीही शेवटी. तो क्रम उलटा आहे. आजोबांचे संवाद चित्रांच्या आधी मुद्रित व्हायला हवेत, कारण ओठ आवाजाबरहुकूम काढायचे असतात. ‘माटोळी’ हाच शब्द घे. ‘मा’च्या आरंभी ओठ पूर्ण मिटतात, मग जबडा उघडतो, ‘टो’ला ओठ गोल होतात, ‘ळी’ला पसरतात. मिटलेले ओठ निदान दोन फ्रेम दिसले पाहिजेत, आणि आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी दिसले तर अधिक बरे. ते चुकले तर ‘म’ ऐकू येऊनही पटत नाही. आजोबा घरात जी कोकणी बोलतात, तीच राहू दे. त्यांच्या तोंडी ग्रंथातली मराठी घालू नकोस.

घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर म्हणतात ती घुमट आरतीही यंदाच मुद्रित करून ठेव. घुमट, शामेळ आणि कासाळे एकाच खोलीत वाजत असताना फोन जवळ नेलास तर आवाज फाटेल. दाराशी उभी राहा, आणि आरती संपल्यावर रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाजही घे. त्या आरतीची लय मोज. मिनिटाला १२० ठोके पडत असतील, तर प्रत्येक ठोक्याला बरोबर १२ फ्रेम येतात. ९० असतील, तर १६. शेवटच्या दृश्यात नात जी पावले टाकते ती या मोजमापावर बसवलीस, तर संगीत वरून चिकटवल्यासारखे वाटणार नाही.

रंग भरणे, पार्श्वभूमीवर पात्रे बसवणे, छाया आणि पावसाचे थर देणे हे पुढचे काम वेळखाऊ आहे, पण आधीचे टप्पे नीट झाले असतील तर त्यात धोका कमी असतो. ब्लेंडर, क्रिटा आणि ओपनटून्झ या तिन्ही संगणक प्रणाली विनामूल्य आहेत. महागड्या साधनांसाठी थांबू नकोस. पहिल्या दिवशीच फ्रेमचा वेग २४ ठरवून टाक, कारण तो मध्येच बदलला की ओठ आणि आवाज यांचा मेळ बिघडतो. रोजच्या कामाची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवल्याशिवाय झोपू नकोस; पावसात आपल्याकडे वीज कशी जाते-येते हे तुला सांगायला नको.

पणजीच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात चित्रपट दाखवण्याविषयी तू विचारले आहेस. तो विषय चित्रपट तयार झाल्यावर काढू. तोवर संहितेचा शेवट ठरवून मला आठवडाभरात कळव, आणि कच्चा अ‍ॅनिमॅटिक दिवाळीपर्यंत पाठव. आणखी एक काम चवथीचेच आहे. माटोळी उतरवतानाचेही चित्रण कर. सगळे जण बांधतानाचे टिपतात. गाठी सुटतात, फळे एकेक करून खाली येतात आणि रिकामी होत जाणारी चौकट वर वर उचलली जाते, ते दृश्य मी अजून कुणाच्या चित्रपटात पाहिलेले नाही, आणि तुझ्या गोष्टीला त्याची गरज पडेल असे मला वाटते.

आजोबांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
शिक्षक