वडिलांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीत स्पीडोमीटरचा काटा थरथरतो. मेकॅनिक म्हणतो मीटर बदला. बदलावा का?

नाही. आधी केबल काढून बघा, म्हणजे गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत येणारी नळी आणि तिच्या आत फिरणारी तार. तोवर मीटरला कुणाला हात लावू देऊ नका.

आमच्या घरात हेच झालंय. बाबांची १९८६ची पद्मिनी. पेट्रोल भरलं की ते छोट्या वहीत तारीख, लिटर आणि मीटरवरचे किलोमीटर लिहायचे. एका पावसाळ्यात चाळीसच्या आसपास काटा नाचायला लागला, डॅशमागून किरकिर यायला लागली. गॅरेजवाल्याने काहीही न उघडता सांगितलं, मीटर गेला. भावोजींनी त्याचीच री ओढली. मग भंगारातला मीटर बसवला. आठवड्यात त्याचाही काटा थरथरला, महिन्याभरात काटा आणि आकडे दोन्ही बंद. त्यानंतर वहीत किलोमीटरच्या जागी बाबांनी नुसत्या आडव्या रेघा मारल्यात. अकरा रेघा. मला त्या अजून बघवत नाहीत.

शेवटी एका रविवारी मीच डॅशखाली हात घालून मीटरमागचा दातेरी नट सोडवला आणि आतली तार ओढली. कोरडी ठाक, गंजलेली, आणि अर्धीच हातात आली. तुटलेल्या टोकाला तिचे पदर ब्रशसारखे फुललेले. बॉनेटखाली बाहेरची नळी एका जागी चेपलेली होती, तिथेच तार अडकत होती. अडकली की तिला पीळ बसतो, पीळ सुटला की काटा उडी मारतो. यात मीटरचा काय दोष? त्याच्या आत एक चुंबक फिरतं आणि ॲल्युमिनियमची वाटी त्याच्यामागे ओढली जाते, इतकंच. केबल जशी फिरेल तसा काटा हलणार.

नवी केबल घेताना जुनी सोबत न्या. लांबी आणि दोन्ही टोकं जुळवून घ्या. मला पुण्यात नाना पेठेत मिळाली. जुनी नळी काढण्याआधी तिच्या टोकाला सुतळी बांधा, म्हणजे नवी त्याच वाटेने ओढता येते. कुठेही काटकोनात वळवू नका. ग्रीस तारेला बोटाने पातळ लावायचं, तेही खालच्या भागालाच. मीटरकडची वीतभर तार कोरडी ठेवा, नाहीतर ग्रीस चढून मीटरमध्ये जातं आणि मग तो खरंच बाद होतो.

भावोजी म्हणायचे, जुन्या गाडीला मीटर कशाला, वेग कानाला कळतो. कळत असेल. पण ऑइल कधी बदलायचं, ॲव्हरेज किती पडतं, हे कानाने कसं कळणार?

हो, एक राहिलं. किलोमीटरचे आकडे सरकतायत आणि काटा मेलाय, असं असेल तर मात्र दोष मीटरमध्येच. तो मीटरच्या कारागिराकडेच द्या. दोन्ही बंद असतील तर केबलचं मीटरकडचं टोक सोडून न्यूट्रलमध्ये गाडी ढकला आणि तार फिरते का बघा. तार अख्खी असून फिरत नसेल तर गिअरबॉक्सकडचा छोटा गिअर बघा. जुनी तार ऑइलने ओली निघाली तर तिथलं सीलही बदला.

आणि काढलेला मीटर गॅरेजमध्ये सोडू नका. आमचा मी मागून घेतला होता, नव्या केबलवर तोच बसवलाय. चाळीसला काटा आता जराही थरथरत नाही. भावोजींना शेजारी बसवून दाखवलंय.