जुन्या कपड्यांची ऑनलाइन विक्री सुरू करताना

नागपुरात घरूनच जुने कपडे ऑनलाइन विकायचे आणि त्यातून कचरा कमी करायचा, हा आपला विचार चांगला आहे. मात्र पहिल्याच महिन्यात नातेवाइकांकडून पोतीभर कपडे गोळा करू नका, कारण न विकलेले कपडे घरात साठले तर कचरा कमी होत नाही, त्याची फक्त जागा बदलते. सुरुवातीला एकच प्रकार निवडा. लहान मुलांचे कपडे फाटण्याआधीच तोकडे होतात, त्यामुळे ते चांगल्या स्थितीत मिळतात. नागपूरच्या उन्हाळ्यासाठी सुती कुर्त्यांचाही विचार करता येईल.

प्रत्येक कपडा उजेडात धरून काखा, कॉलरची आतली घडी, चेन आणि शिवण तपासा. फोटोत डाग लपवणे ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक आहे, कारण परत आलेल्या पार्सलचा जाण्या-येण्याचा खर्च बहुधा विक्रेत्याच्याच माथी बसतो. डागाचा जवळून घेतलेला फोटो आपण होऊन द्यावा. लेबलवरच्या ‘एम’ किंवा ‘एल’वर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचे माप वेगळे असते आणि सुती कापड धुतल्यावर आटते, म्हणून कपडा सपाट पसरून छाती, खांदा व उंची इंचांत मोजून लिहा. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात गडद रंग विटतात, तेव्हा कपडे उलटे करून सावलीतच वाळवा.

किमतीत धुलाई, पॅकिंग आणि कुरिअर धरा. वेबसाइट व जाहिराती नंतर पाहता येतील. तूर्त व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम पुरेसे आहेत.