पांढऱ्या कोळशाचं अनुदान: किती आणि कधी?

प्रश्न : दादा, आम्ही चोपडा तालुक्यातले. घरची आठ एकर कपाशी आहे, यजमान सॉ मिलचा भुसा उचलून विकतात. माझ्या नावावर ताशी एक टनाचा पांढऱ्या कोळशाचा (भुसा, काडीकचरा दाबून केलेल्या कांड्या, म्हणजे ब्रिकेट) कारखाना टाकायचा आहे. खर्च ४० लाख. मशीनवाला म्हणतो, दोन अनुदानं मिळून २३ लाख सुटतात. शेत गहाण ठेवून ऑर्डर देऊ का?
एक भगिनी

उत्तर : ताई, शेत गहाण ठेवू नका. ॲडव्हान्सही थांबवा.

२३ लाख कुठून आले ते सांगतो. केंद्राच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात, नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, ब्रिकेटच्या कारखान्याला ताशी एक टनामागे ९ लाख धरले आहेत, कमाल ४५ लाख. आणि पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के, म्हणजे ४० लाखांवर १४. बेरीज बरोबर आहे, पण दुसरं सरकारी अनुदान घेतलेल्या उद्योगाला पीएमईजीपी मिळत नाही. दोन्हींतलं एकच धरा.

तुमच्यासाठी मी पीएमईजीपीच धरीन. स्वतःचे ५ टक्के, म्हणजे २ लाख घालायचे. आठवी पास असल्याचा दाखला लागेल. जागेची किंमत प्रकल्पखर्चात धरत नाहीत. मोठ्या कर्जाला शेत गहाण ठेवण्याऐवजी सीजीटीएमएसईची (लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची) हमी मिळू शकते, म्हणून बँकेत आधी तेच विचारा. अनुदान तीन वर्षं बँकेत अडकून राहतं, मग कर्जात वळतं. तेवढ्या कर्जावर व्याज मात्र लागत नाही. जैवऊर्जेचे ९ लाख तर कारखाना उभा राहून चालून दाखवल्यावरच येतात. दोन्ही योजनांची मुदत २०२५-२६ पर्यंतची ठरली होती, तेव्हा पुढचं काय ते जिल्हा उद्योग केंद्रातून आधी पक्कं करून घ्या.

मी पारोळ्याला कारखाना टाकला तेव्हा मलाही एका सल्लागारानं "पैसे आधी मिळतील" असं सांगितलं होतं. ते आले नाहीत, आणि दोन हंगाम मी पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) विकत घ्यायच्या पैशांतून बँकेचं व्याज भरलं. मशीन होतं, माल नव्हता. ती चूक तुमच्या घरी होऊ नये म्हणून एवढं लिहितो आहे.

खरा जीव मालात आहे. वेचणी संपली की पऱ्हाटी दोन-तीन महिन्यांत शेतातून निघते, कारखान्याला मात्र बारा महिने लागते. मोकळी पऱ्हाटी जागा फार खाते; शेतातच कुट्टी करून आणली तर ट्रॅक्टरची फेरी परवडते. ओलावा दहा-बारा टक्क्यांवर गेला की कांडी धड बसत नाही, फुटते. म्हणून मशीनआधी पत्र्याची शेड बांधा. आणि न फुटलेल्या बोंडांसकट पऱ्हाटी गावाजवळ रचू नका, गुलाबी बोंडअळी त्यातच दडून बसते. पुढच्या वर्षी ती तुमच्याच आठ एकरांत उतरेल.

गिऱ्हाईक? भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राचं नाव मशीनवाला घेईलच. औष्णिक केंद्रांना कोळशात जैवइंधन मिसळायचं बंधन आहे, हे खरं. पण तिथं पेलेट, म्हणजे बारीक गोळ्या लागतात, तुमची जाड कांडी चालत नाही. तुमचं गिऱ्हाईक जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीतले बॉयलर. दोन कारखान्यांकडून दर आणि महिन्याचे टन लिहून घ्या, तो कागद बँकेत दाखवा.

यजमानांचा भुसा मात्र आता विकू नका. पऱ्हाटी भिजते तेव्हा पावसाळाभर मशीन त्याच्यावरच चालेल.