दोन श्रावणांच्या शहरातले पहिले वर्ष

प्रश्न : यजमानांच्या बदलीमुळे आम्ही गेल्या जूनमध्ये पुण्याहून इंदूरला आलो आणि विजयनगर भागात राहतो. वर्ष झाले तरी ‘रमलात का?’ या माहेरच्या प्रश्नाला मला उत्तर देता येत नाही. येथील मराठी मंडळींचे बोलणे हिंदीच्या वळणाने जाते. एका हळदीकुंकवाला घरच्या आजी ‘चहा पिऊन घ्या’ म्हणाल्या, तेव्हा मी सहज ‘नुसते चहा घ्या म्हणायचे’ असे सांगितले आणि त्या गप्प झाल्या. श्रावणी सोमवार समजून शेजारणीने फराळाला बोलावले, तर ‘आमचा श्रावण अजून लागलेला नाही’ म्हटल्यावर तिला मी टाळते आहे असे वाटले. पुण्याला बदली मागून घ्यावी का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. शेजारणीचा गैरसमज सोपा आहे, म्हणून तो आधी घेते. आपला महिना अमावास्येला संपतो, माळव्यात आणि उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्ष दोघांचा एकच असतो, वद्य पक्षाचे नाव मात्र बदलते. त्यामुळे गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिचा श्रावण सुरू होतो, तेव्हा आपला आषाढ अजून पंधरा दिवस बाकी असतो. राखी पौर्णिमेला तिचा श्रावण संपतो आणि आपला निम्मा उरतो. राजवाड्यासमोरून गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते ती रंगपंचमी आपल्या फाल्गुनात येते, तर तिच्या चैत्रात. तुम्ही दोघीही खरे बोलत होता. हे तिला एकदा सांगा. ती हसेल आणि पुढल्या वेळी तिथी विचारूनच बोलावील.

आजींची गोष्ट अधिक नाजूक आहे. मी स्वतः साताऱ्याहून येथे येऊन तीस वर्षे झाली आणि पहिल्या वर्षी मीही हेच केले होते, म्हणून जरा स्पष्ट लिहिते. मंदसौरच्या तहानंतर 1818 मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला आली. त्याच्याही आधीपासून मल्हाररावांच्या फौजेबरोबर आणि कारभाराबरोबर मराठी कुटुंबे माळव्यात उतरत होती. अशा एखाद्या घराने पाच-सहा पिढ्या बाजारात, शाळेत आणि कचेरीत हिंदी बोलून घरात मराठी टिकवली असेल, तर तिच्यावर हिंदीचे वळण उमटणारच. ‘पिऊन घ्या’ हे ‘पी लीजिए’चे भाषांतर आहे, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. पण पुण्यात आज सर्रास ‘भाजी बनवली’ आणि ‘मी तुझी मदत करते’ म्हणतात, तेही हिंदीच आहे. तेथे आपल्याला ते टोचत नाही, कारण बोलणारे आपलेच असतात. जी भाषा जपल्याचा आजींना अभिमान असणार, तिच्यातच तुम्ही पाहुण्यांच्या देखत चूक काढलीत. त्या रागावल्या नसतील, ओशाळल्या असतील, आणि ते अधिक वाईट.

पोह्यांचेही असेच आहे. वाफेवर ठेवलेले, बडीशेप घातलेले, वरून शेव आणि जिरावन मसाला भुरभुरलेले आणि जिलेबीबरोबर खाल्लेले पोहे पाहून मी पहिल्या महिन्यात नाक मुरडले होते. आता साताऱ्याला गेले की तेथले पोहे मला अळणी वाटतात. हे मात्र माहेरी सांगू नका, मीही सांगितलेले नाही.

रमण्याविषयी एवढेच सुचवते की विजयनगर हा नव्या वस्तीचा भाग आहे आणि तेथे शेजार जुळायला वेळ लागतो. जुनी मराठी वस्ती रामबाग आणि लोकमान्यनगरच्या बाजूला आहे, तिकडे महिन्यातून एखादी चक्कर ठेवा. पहिल्या वर्षी प्रत्येक गोष्ट अंगावर येते : सकाळी गाणे वाजवत येणारी कचरागाडी आणि ओल्या-सुक्याची सक्ती, दिवसा सोन्याचांदीचा असलेला सराफा रात्री खाऊगल्ली होतो ते, हिवाळ्यात तळून मिळणारे गराडू नावाचे कंद. दुसऱ्या हिवाळ्यात गराडूची गाडी लागली की तुम्हीच घरात सांगाल. ‘रमलात का?’ या प्रश्नाला तोवर ‘अजून नाही’ म्हणायला हरकत नाही.

बदलीचा अर्ज मी तरी इतक्यात केला नसता. तुमच्या पत्रात घर, नोकरी किंवा मुलांच्या शाळेची तक्रार नाही. सल आहे तो दोन माणसांशी झालेल्या दोन संवादांचा, आणि ती माणसे जवळच राहतात. शेजारणीच्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी फराळाला जा. आजींकडे त्याआधी जा, आणि त्यांच्या घरी कोणत्या पंचांगाने श्रावण पाळतात ते विचारा. मराठी घरांतही सगळीकडे एकच उत्तर मिळत नाही, आणि हा विषय निघाला की तासभर पुरतो. चहा येईलच. त्या जे म्हणतील ते ऐकून कप हातात घ्या.