वास्तू-सल्ला : न्हाणीघराची भिंत आतून तापवावी काय?

प्रश्न : फोंड्याजवळच्या आमच्या चिऱ्याच्या जुन्या घरातील न्हाणीघराचे नूतनीकरण काढले आहे. मुलगी कॅनडात असते. तिच्याकडे शॉवरच्या टाइल्समागे तापणारी विजेची केबल बसवलेली असून भिंत कोमट आणि कोरडी राहते. आईचे वय झाले आहे, पावसाळ्यात आंघोळीच्या वेळी तिला हुडहुडी भरते. शिवाय टाइल्सच्या सांध्यांत दरवर्षी काळी बुरशी धरते. आपल्याकडे ही सोय करता येईल काय? — एक वाचक, फोंडा

उत्तर : करता येईल, मात्र आपल्या दोन्ही तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. कॅनडात भिंत तापवतात ती बाहेरच्या गोठवणाऱ्या थंडीमुळे टाइल गारठते म्हणून. गोव्यात ऐन जुलैतही रात्रीचे तापमान साधारण २४ अंशांच्या खाली जात नाही. आईंना हुडहुडी भरते ती भिंतीच्या गारव्यापेक्षा ओल्या अंगावरून जाणाऱ्या वाऱ्याच्या झोतामुळे. झरोका आंघोळीपुरता बंद ठेवावा आणि एक्झॉस्ट पंखा आंघोळ झाल्यावर लावावा, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. त्याउपर ऊब हवीच असेल, तर त्या ज्या बैठकीवर बसून आंघोळ करतात ती बैठक आणि पायाखालची जमीन तापवणे अधिक उपयोगी आहे, कारण अंगाचा स्पर्श तिथे होतो. भिंतीचा क्रम त्यानंतरचा.

बुरशीचे म्हणाल तर थोडा हिशेब करून पाहावा. या केबलच्या जाळीची शक्ती साधारणपणे चौरस मीटरला १५० वॅट असते; दोन चौरस मीटर भिंत धरली तर ३०० वॅट झाले. सगळी उष्णता पाणी सुकवण्यातच खर्ची पडली असे मानले, तरी तासाभरात अर्ध्या लिटरहूनही कमी पाणी उडेल, आणि प्रत्यक्षात बरीच उष्णता चिऱ्यात शिरेल. आंघोळीनंतर रबरी वायपर एकदा भिंतीवरून फिरवला की तेच काम मिनिटभरात, विनाखर्च होते. शिवाय भिंतीवरून उडालेली वाफ एक्झॉस्टवाटे बाहेर गेली नाही, तर ती छतावर आणि दाराच्या चौकटीवर जाऊन बसते, म्हणजे बुरशीची फक्त जागा बदलते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही भिंत पश्चिमेकडची आहे काय, हे पाहावे. पावसाची झड थेट अंगावर घेणारा चिरा पाणी शोषून घेतो आणि ते आत झिरपवतो. अशा भिंतीत बाहेरून ओल येत असताना आतून केबल तापवणे म्हणजे ओल्या सरपणावर भात शिजवण्याचा खटाटोप आहे. बाहेरचा गिलावा, त्यातील भेगा आणि वरची पागोळी यांची दुरुस्ती आधी करावी, एक पावसाळा जाऊ द्यावा आणि भिंत आतून कोरडी राहते अशी खात्री झाल्यावरच केबलचा विचार करावा.

एवढे करूनही बसवायचे ठरलेच, तर काम कसे व्हावे ते सांगतो. शॉवरच्या भिंतीत बसवण्यास उत्पादकाने लेखी परवानगी दिलेलीच केबल घ्यावी. केवळ जमिनीसाठी असलेली केबल भिंतीत वापरू नये. चिऱ्यावर प्रथम सिमेंटचा लेप असलेले फोमचे उष्णतारोधक बोर्ड लावावेत, म्हणजे उष्णता भिंतीत न मुरता टाइलकडे येईल. त्यावर जाळी, जाळी पूर्ण बुडेल असा पॉलिमरयुक्त टाइल अॅडेसिव्हचा थर, त्यावर वॉटरप्रूफिंगचा लेप आणि शेवटी टाइल, असा क्रम बहुतेक उत्पादक सांगतात. आपला गवंडी टाइलच्या मागे मसाल्याचे चार गोळे ठेवून ती भिंतीवर दाबण्याच्या पद्धतीचा असेल, तर या कामाला तो चालणार नाही. गोळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी साठते आणि पोकळीत आलेली केबल प्रमाणाबाहेर तापते. लावलेली प्रत्येक टाइल बोटाच्या पेराने ठोकून पाहावी. आवाज पोकळ आला तर ती तिथल्या तिथे काढायला लावावी.

तापणारी केबल कधीही कापायची नसते आणि तिचे वेढे एकमेकांवर येऊ द्यायचे नसतात. केबलचा रोध खोक्यातून काढल्यावर, भिंतीवर बसवल्यावर आणि टाइल लावून झाल्यावर, असा तीनदा मोजून लिहून ठेवावा. सोबत मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या यंत्राने) केबलचे इन्सुलेशनही तपासावे. लोखंडी दातेरी करणीची धार केबलला लागते ती बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या मोजणीच्या दरम्यान, म्हणून त्या दिवशी प्लॅस्टिकची करणी वापरायला लावावी. शॉवरचा दांडा, साबणदाणी आणि आईंसाठी लागणारा आधाराचा दांडा यांच्या जागा आधी निश्चित कराव्यात, तेवढा भाग केबलविना सोडावा आणि टाइल लावण्यापूर्वी मोजपट्टी धरून भिंतीचे छायाचित्र काढून ठेवावे. नंतर येणाऱ्या प्लंबरच्या ड्रिलला आत काय आहे हे ठाऊक नसते.

या सर्किटला ३० मिलिअँपिअरची स्वतंत्र आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवी, केबलचे धातूचे आवरण अर्थिंगला जोडलेले हवे आणि थर्मोस्टॅट न्हाणीघराच्या बाहेर हवा. जुन्या घरांत अर्थिंग अनेकदा नावापुरतेच असते. ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मोजून घेतल्याशिवाय ही केबल बसवूच नये, या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही. अॅडेसिव्ह पूर्ण वाळेपर्यंत वीज सुरू करू नये. काही उत्पादक यासाठी २८ दिवस सांगतात. रोज तीन तास चालवल्यास ३०० वॅटला महिन्याला २७ युनिट लागतील, तेव्हा बिलाचा बाऊ करण्याचे कारण नाही.

प्रश्न : म्हापशात आमचा फ्लॅट आहे. जुन्या टाइल्स न फोडता त्यांच्यावरच जाळी आणि नव्या टाइल्स लावता येतील का? — एक वाचिका, म्हापसा

उत्तर : जुन्या टाइल्स घट्ट असतील तर लावता येतात, परंतु भिंत दीड-दोन सेंटिमीटरने पुढे येते आणि भिंतीत बसवलेला डायव्हर्टर (नळ आणि शॉवर यांच्यात पाणी वळवणारी कळ) तेवढाच आत जातो. मागील नळजोडणीत गळती असेल तर ती कायमची झाकली जाते. शेजारच्या किंवा खालच्या फ्लॅटमध्ये ओलीचा डाग असल्यास टाइल्स फोडणेच श्रेयस्कर.

प्रश्न : आमच्या छपरावर सौर बंब आहे. त्याचेच गरम पाणी भिंतीतील नळ्यांतून खेळवले तर वीज लागणार नाही, असे मिस्त्री म्हणतो. हे खरे आहे का? — एक वाचक, काणकोण

उत्तर : तत्त्वतः खरे आहे. भिंती तापवण्याची कल्पनाही जुनीच आहे; रोमन स्नानगृहांत भट्टीची गरम हवा भिंतीतील पोकळ विटांमधून वर नेत असत. आज त्यासाठी प्लॅस्टिकच्या नळ्यांतून ३५ ते ४५ अंशांचे पाणी फिरवतात. मात्र पाणी फिरवायला पंप लागतो, म्हणजे थोडी वीज आलीच. आणि आंघोळीचे पाणी व नळ्यांतील पाणी वेगळे ठेवायचे तर उष्णता देवघेवीची वेगळी सोय करावी लागते, नाहीतर नळ्यांत साचून राहिलेले पाणी शॉवरमधून अंगावर येईल. याहून मोठी अडचण ऋतूची आहे. आपल्याला ही ऊब हवी असते जून ते सप्टेंबर, आणि काणकोणात नेमके तेव्हाच दिवसचे दिवस ऊन पडत नाही. त्या काळात सौर बंबातील पाणी आंघोळीपुरतेही तापत नाही म्हणून त्यातील विजेचे कॉइल लावावे लागते. मार्चमध्ये पाणी उकळते असेल, पण तेव्हा भिंत तापवण्याची कोणाला गरज नसते. मिस्त्रीला त्याऐवजी बंबापासून शॉवरपर्यंतच्या नळाला चांगले उष्णतारोधक आवरण घालायला सांगावे.